ह्यां ठेवचां खंय?

आमच्या मालवणच्या जुन्या घरात कचरापेटीच नव्हती. म्हणजे कचरा होत नव्हता असं नाही, पण घरातून निघणाऱ्या प्रत्येक वस्तूची जायची जागा ठरलेली होती. नारळ सोलला की सोडणं मांगरात, करवंट्या चुलीशेजारी, चुडताचे हीर काढून त्याचा खराटा. मासे धुतलेलं पाणी माडाच्या मुळाशी. कालवांचे नि तिसऱ्यांचे शिंपलेसुद्धा कामाला यायचे, कारण किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करत. आजीला कुणी 'कचऱ्याचं वर्गीकरण' म्हटलं असतं तर ती हसली असती. पण दिवसभर ती तेच तर करत होती!

मग घरात दुधाची पिशवी आली, मागोमाग पाण्याची बाटली आली. काकी हातात रिकामी बाटली घेऊन विचारायची, "ह्यां ठेवचां खंय रे?" मला वाटतं, कचऱ्याच्या सगळ्या इतिहासातला मूळ प्रश्न हाच आहे.

पॅरिसमध्ये तो १८८३ साली विचारला गेला. तिथला प्रीफेक्ट (आपल्याकडचा कलेक्टर म्हणा) एझेन पुबेल याने आदेश काढला, की प्रत्येक इमारतीने झाकणाचे डबे ठेवावेत. एक कुजणाऱ्या कचऱ्याचा, दुसरा कागद-चिंध्यांचा, तिसरा काच, फुटकी भांडी आणि... कालवांचे शिंपले यांचा! हे वाचून मला पुबेल एकदम मालवणातलाच वाटला. पण घरमालक खर्चाने वैतागले आणि कचरा वेचून पोट भरणारे पोटावर पाय आला म्हणून चिडले. ती तिहेरी वाटणी काही टिकली नाही. डबा टिकला. फ्रेंच लोक कचऱ्याच्या डब्याला आजही 'पुबेल'च म्हणतात.

आपल्याकडे २००० सालच्या नियमांत वर्गीकरण आलं, २०१६ च्या नियमांनी घरातच ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करायला सांगितलं. कागदावर सगळं ठीक. पण ते प्रत्यक्षात कसं होतं ते बघायला आम्हाला लांब जावं लागलं नाही. आपल्याच जिल्ह्यातलं वेंगुर्ला, जेमतेम बारा हजार वस्तीचं गाव! २०१५ नंतर, मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात, तिथे घरोघरी ओला, सुका, प्लास्टिक आणि काच-धातू असे चार भाग करायला लावले. डेपोवर त्याचे आणखी वीसेक प्रकार होत. ओल्याचा बायोगॅस, प्लास्टिकचे तुकडे करून डांबरी रस्त्यात. जिथे नाक धरून जावं लागे ती जागा लोक सहलीला बघायला यायला लागले. लोकांनी वेगळं केलेलं वेगळंच नेलं जात होतं, माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. गाडीत सगळं एकत्र होताना दिसलं की घरातले डबे आठवड्याभरात गुंडाळले जातात.

आमची वाडी गावापासून आत, भंगारवाला येतो तेव्हा येतो. जून ते सप्टेंबर तर येतच नाही. त्यामुळे घरातली सोय चार महिन्यांच्या हिशेबाने करावी लागली. पडवीत खुंट्यांना तीन गोणी टांगल्यात: बाटल्या, पिशव्या, काच-पत्रा. टांगलेल्या अशासाठी की खाली ठेवलं तर उंदीर आणि ओल. पिशवी धुवायची, दोरीवर वाळवायची, मगच गोणीत. ओली ठेवली तर पावसाळ्यात वासाने पडवीत बसवत नाही. बाटली चेपून टाकली की जागा निम्म्याहून कमी लागते. रद्दी माळ्यावर, चुलीच्या धुराच्या वाटेवर, म्हणजे सादळत नाही. पाचशे रुपयेही खर्च आला नाही.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण इथे टाकलेली वस्तू पहिल्या पावसात व्हाळात जाते, व्हाळातून खाडीत, खाडीतून समुद्रात. आणि रापण ओढली की माशांबरोबर तीच परत हातात येते. जाळून टाकावं तर धूर विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांच्याच नाकात.

एक मात्र आहे. ही धुण्या-वाळवण्याची कामं गुपचूप घरातल्या बाईच्याच अंगावर पडतात. आजीचंही तसंच होतं. तेव्हा मे महिन्यात मुंबईहून येणाऱ्या समस्त मंडळींना प्रेमाची सूचना: गोणी कुठे आहेत ते वर लिहिलंय. आपापली बाटली आपणच धुवायची, काकीला विचारायचं नाही!