टस्केगीची वीटभट्टी
महाविद्यालयात चालवलेला व्यवसाय पुढे कामधंद्यात उपयोगी पडतो, हे आज सर्रास सांगितले जाते. या कल्पनेची खरी कसोटी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या अलाबामा राज्यात लागली, तीही चिखलात.

जन्माने गुलाम असलेल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी ४ जुलै १८८१ रोजी टस्केगी गावात कृष्णवर्णीयांसाठी अध्यापक विद्यालय सुरू केले. विद्यार्थी ३०. सरकारी अनुदान २००० डॉलर, तेही फक्त शिक्षकांच्या पगारापुरते. इमारतीला विटा हव्या होत्या आणि गावात वीटभट्टी नव्हती. आपणच विटा पाडल्या तर स्वतःची गरज भागेल आणि उरलेल्या विकता येतील, असा हा साधा व्यापारी हिशेब होता.

विद्यार्थ्यांना तो रुचला नाही. गुडघाभर चिखलात उभे राहायला आपण शिकायला आलो काय? काहींनी विद्यालयच सोडले. (ज्यांच्या आईबापांनी मळ्यांवर गुलाम म्हणून आयुष्य काढले, त्यांच्या या प्रश्नात मला तरी आळस दिसत नाही.)

पहिली भट्टी सुमारे २५,००० विटांची. ती फसली. दुसरीही फसली. तिसरी आठवडाभर जळत राहिली आणि विटा हाती येणार तोच मध्यरात्री ढासळली. सहकारी म्हणाले, नाद सोडा. वॉशिंग्टन यांनी माँटगोमेरीला जाऊन आपले घड्याळ १५ डॉलरला गहाण ठेवले आणि चौथी भट्टी लावली. ती जमली. घड्याळ मात्र कधीच परत मिळाले नाही.

पुढे एका हंगामात १२ लाख विटा निघू लागल्या. ज्या गोऱ्या शेजाऱ्यांना या विद्यालयाविषयी आस्था नव्हती, तेही चांगली वीट मिळते म्हणून दारात येऊ लागले. १८८४ पासून रात्रशाळा भरू लागली. दिवसा दहा तास काम, रात्री दोन तास अभ्यास आणि मजुरीचा बराचसा भाग पुढील शिक्षणासाठी जमा. इथे शिकलेले कित्येक तरुण दक्षिणेत ठिकठिकाणी वीट व्यवसायात उतरले. पहिल्या एकोणीस वर्षांत उभ्या राहिलेल्या ४० इमारतींपैकी ४ सोडून बाकी साऱ्या जवळजवळ विद्यार्थ्यांच्याच हातच्या.

तरीही १९०३ साली डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी वॉशिंग्टन यांच्यावर कठोर टीका केली. कारागिरी आणि मालमत्तेवर भर देताना मताधिकार आणि उच्च शिक्षण दुर्लक्षिले जाते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. मला तो टाळता येत नाही. वीट विकत घेणारा शेजारी विक्रेत्याला नागरिक मानेलच, असे नव्हते. १९०१ च्या नव्या राज्यघटनेने अलाबामातील बहुसंख्य कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला होता.

जाहीरपणे समेटाची भाषा बोलणारे वॉशिंग्टन या घटनेविरुद्धच्या खटल्याला गुपचूप पैसा पुरवत होते. डु बॉइस यांची टीका प्रसिद्ध झाली त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला.