शिपायाच्या थैलीतला रोखा



लढाई जिंकलेला शिपाई घरी परतताना काहीतरी आठवण बरोबर नेतो. 1945 साली पॅसिफिकमधून परतलेल्या अमेरिकन शिपायांनी तलवारी नेल्या, झेंडे नेले, तसे कागदही नेले. शत्रूकडे सापडलेला कागद वरिष्ठांच्या स्वाधीन करावा असा हुकूम होता. अशा कागदांच्या भाषांतरासाठी 1942 साली ब्रिस्बेन येथे खास कचेरी उघडली होती. पण ज्यांत लष्करी गुपित नव्हते असे पुष्कळ कागद थैल्यांतच राहिले. त्यांत जपानी युद्धबचतीचे रोखे होते. शिपायाला ती लूट वाटली. आम्ही पगारपत्रके वाचण्यात जन्म घालवला. आम्हांला त्यात कोणाच्या तरी पगारातली कपात दिसते.

हा रोखा जन्मला कसा? सरकारने कर्जरोखे काढावेत आणि ते बँक ऑफ जपानने घ्यावेत, हा पायंडा अर्थमंत्री ताकाहाशी यांनी 1932 साली पाडला. पुढे त्यांनीच लष्करी खर्चाला आवर घालू पाहिला, तेव्हा 26 फेब्रुवारी 1936 रोजी बंडखोर लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांचा खून केला. 1937 साली चीनशी युद्ध जुंपले. नोटा वाढल्या, माल घटला. तेव्हा लोकांच्या हातचा पैसा काढून घेण्यासाठी 1938 पासून बचतीची मोहीम सुरू झाली.

‘बचत’ हा शब्द गोड आहे. पण वसुली कशी होई ते पाहा. दहाएक घरांचा एक शेजारगट असे. रेशन त्याच्यामार्फत मिळे आणि रोख्यांचा वाटाही त्याच्याच माथी येई. ज्याच्या हातून तांदूळ घ्यायचा, त्याला नाही कसे म्हणावे? कारखान्यांत 1941 च्या कायद्याने बचतमंडळे झाली आणि पगार हाती येण्यापूर्वीच बचत कापली जाऊ लागली. सोडतीत नंबर लागला तर ज्यादा रक्कम, हे आमिष वर होतेच. विचारणारे कोणी उरले नव्हते. सोदोमेई हा कामगार महासंघ जुलै 1940 मध्येच विसर्जित झाला होता. त्याच वर्षी मालक आणि मजूर यांना एकाच ‘देशसेवा’ संघटनेत कोंबण्यात आले.

पराभवानंतर सरकारने हे रोखे नाकारले नाहीत. महागाईनेच ते खाल्ले. 1945 ते 1949 या काळात घाऊक किमती सुमारे साठपट झाल्या. फेब्रुवारी 1946 मध्ये बँकांतील ठेवीही गोठवल्या. पगार रोखीने मिळे तो महिन्याला 500 येनपर्यंतच. ज्या घरात रोखा जपून ठेवला होता आणि ज्या घरातला रोखा समुद्रापार गेला, त्या दोघांच्या नुकसानीत फारसा फरक उरला नाही.

मात्र डिसेंबर 1945 मध्ये जपानात कामगार संघटनांचा कायदा झाला, आणि ‘ही कपात कशाची?’ असे विचारण्याची सोय पुन्हा झाली. हा प्रश्न विचारता येणे हीच मजुराची खरी शिल्लक, असे आम्ही समजतो. तो रोखा आज कोणाच्या घरी काचेत लावलेला असेल, तर मालकाने त्याला विजयाची खूण जरूर म्हणावे. पण ती एका घरच्या पोटाला घेतलेल्या चिमट्याची पावतीही आहे, हे विसरू नये.