लासलगाव: कांद्याच्या भावावर चालणारं गाव, आणि ट्रॉली रिकामी होईपर्यंतचा हिशोब

निफाड तालुक्यातलं लासलगाव आशियातली सर्वात मोठी कांदा बाजारपेठ म्हणून ओळखलं जातं. इथली बाजार समिती १९४७ सालची. विंचूर आणि निफाड हे तिचे उपबाजार. मुंबई-भुसावळ मार्गावर रेल्वे स्टेशन असल्याने इथला कांदा थेट उत्तर आणि पूर्व भारतात जातो. पण गावाचा स्वभाव आजही शेतकऱ्याचाच आहे. भाव चांगला निघाला की कापडाच्या, खताच्या दुकानांत गर्दी दिसते. भाव पडला की उधारीची वही जाड होते. लिलाव बंद राहिले, तर हमाल, ट्रॅक्टरवाले आणि खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बायाबापड्या यांची त्या दिवसाची मजुरी बुडते.

कोणता कांदा कधी येतो?

लाल (खरीप) कांदा साधारण ऑक्टोबरपासून बाजारात येतो. त्यात पाणी जास्त, म्हणून तो टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. त्याच्या मागून रांगडा येतो. उन्हाळ (रब्बी) कांदा मार्च ते मे महिन्यांत निघतो आणि चाळीत चार-सहा महिने राहतो. थांबायचं की विकायचं हा निर्णय शेतकऱ्याच्या हातात असतो तो याच कांद्यात. मात्र चाळीत वजन घटतं, सड आणि मोड येतात. त्यामुळे भाव थोडा वाढला म्हणजे फायदा झालाच असं नाही. घट धरून हिशोब करा. लासलगावच्या कांद्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

लिलाव कसा होतो?

इथे बहुतेक कांदा गोणीत नाही, खुला विकला जातो. ट्रॅक्टर रांगेत लागतात, व्यापारी ट्रॉलीवरचा माल बघून बोली लावतात. भाव क्विंटलचा, म्हणजे १०० किलोचा. बोली तुटली की सौद्याची पावती मिळते. मग भरलेली गाडी काट्यावर जाते, व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल उतरतो आणि रिकाम्या गाडीचं पुन्हा वजन होतं. दोन वजनांतला फरक म्हणजे तुमचा माल.

वाद होतो तो बहुतेक खळ्यावर. "वर चांगला, खाली गोल्टी निघाली" असं म्हणून ठरलेला भाव कमी करायला सांगतात. ट्रॉली अर्धी रिकामी झाल्यावर शेतकरी अडतो. यावर उपाय दोन. ट्रॉली भरतानाच गोल्टी आणि खराब माल वेगळा काढा. तरी वाद झालाच, तर पुढचा माल न उतरवता बाजार समितीच्या कर्मचाऱ्याला बोलवा.

पैसे घेताना

२०१६ च्या निर्णयानंतर फळं-भाजीपाल्याची, म्हणजे कांद्याचीही, आडत शेतकऱ्याकडून नाही, खरेदीदाराकडून घ्यायची आहे. मालाचे पैसे २४ तासांत मिळायला हवेत. पट्टीवर भाव, दोन्ही वजनं आणि प्रत्येक कपात वेगळी लिहिलेली आहे का, ते तिथंच बघा. पावतीशिवाय तक्रार टिकत नाही, म्हणून सगळ्या पावत्यांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

भाव कशाने हलतो?

आवक तर असतेच, पण दिल्लीचा एक आदेशही पुरतो. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४०% शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली. मे २०२४ मध्ये ती अटींसह उघडली. सप्टेंबरमध्ये शुल्क २०% वर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही उठलं. दर वेळी पहिला फरक लासलगावच्या लिलावात दिसला.

आणि बातमीत दिसणारा सर्वात जास्त भाव एखाद-दुसऱ्या ट्रॉलीला मिळालेला असू शकतो. गाडी भरण्याआधी सरासरी भाव विचारा. बहुतेकांच्या हातात पडतो तो त्याच्याच आसपासचा.