नवलाख उंबरे व मावळ : मुसलमान समाजाचा इतिहास

नवलाख उंबरे हे पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील गाव तळेगाव दाभाड्याच्या उत्तरेस, खेड तालुक्याच्या शिवेपासून जवळच वसले आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे उतरणाऱ्या डोंगरसोंडांच्या मधून आंध्रा, इंद्रायणी आणि पवना या नद्यांनी जी अरुंद खोरी कोरून काढली, त्यांस आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ अशी जुनी नावे असून, यांपैकी आंदर मावळ जेथे सपाटीस मिळू लागतो त्या बाजूस हे गाव आहे. घाटमाथ्यावर लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो आणि पूर्वेस पंधरा-वीस मैलांच्या आत तो झपाट्याने ओसरतो; भाताची खाचरे, नाचणी-वरईची वरकस जमीन आणि टेकड्यांच्या पायथ्याशी विखुरलेल्या लहान वाड्या हे या मुलखाचे स्वरूप आहे. अशा मुलखात मोठे कसबे निर्माण होत नाहीत. आणि येथील मुसलमान समाज संख्येने अल्प का राहिला आणि अल्प असूनही जवळजवळ सर्वत्र का आढळतो, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या भूरचनेतच दडलेली आहेत.

दक्षिणेतील मुसलमान समाजाचा इतिहास लिहिताना लेखकांची दृष्टी बहुधा अहमदनगर, विजापूर, औरंगाबाद अशा राजधान्यांकडे वळते, आणि डोंगराळ प्रदेशातील मुसलमान हे एखाद्या उठून गेलेल्या लष्करी तळाचे अवशेष असावेत असे गृहीत धरले जाते. मावळापुरते पाहता हे गृहीत टिकत नाही. येथील मुसलमान हा मुख्यतः गावगाड्याचा घटक होता. त्याचे स्थान तलवारीने नव्हे तर वतनाने, इनामाने आणि बलुत्याने निश्चित झालेले होते.

राजकीय पार्श्वभूमी थोडक्यात अशी. बहमनी राज्याची स्थापना १३४७ मध्ये झाली, तरी घाटमाथ्याच्या या पट्ट्यावर तिचा अंमल दीर्घकाळ नाममात्रच राहिला. पंधराव्या शतकाच्या मध्यास मलिक-उत्-तुज्जार या बहमनी सरदाराने नवलाख उंबऱ्याच्या पूर्वेस असलेल्या चाकण येथे ठाणे दिले आणि तेथून कोकणात स्वारी केली. शिर्क्यांनी विशाळगडाकडील अरण्यात नेऊन त्याच्या फौजेचा केलेला नाश प्रसिद्धच आहे. पुढे जुन्नरास राहून मलिक अहमद याने लोहगड, तुंग, तिकोना आदी डोंगरी किल्ले घेतले आणि १४९० मध्ये निजामशाहीची स्वतंत्र गादी स्थापिली. मुर्तजा निजामशहाच्या कारकीर्दीत त्याचा भाऊ बुऱ्हाण, जो पुढे स्वतः गादीवर आला, तो याच लोहगडावर कैदेत होता. १६३६ च्या तहाने निजामशाही बुडाली आणि पुणे-चाकणचा मुलूख विजापूरकरांकडे जाऊन शहाजीराजांच्या जहागिरीत राहिला. निजामशाहीच्या या जवळजवळ दीडशे वर्षांच्या काळात किल्ल्यांवर हवालदार आणि शिबंदी, जुन्नर-चाकणसारख्या ठिकाणी काझी आणि खतीब, आणि खोऱ्यांतील गावांत मुलाणा, अशी मुसलमानांची त्रिविध वस्ती या मुलखात रुजली. किल्ल्यांवरची माणसे राज्याबरोबर बदलली. गावातला मुलाणा मात्र राहिला.

या मुलाण्याविषयी किंचित विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण मावळी मुसलमानांच्या इतिहासाचा तो कणा आहे. ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात गावच्या बलुतेदारांची जी गणना दिली आहे, तीत सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी यांच्या पंक्तीस मुलाणाही आहे. आणि ज्या गावी दुसरे एकही मुसलमान घर नाही तेथेही मुलाणा आढळतो हे त्याने आवर्जून नोंदविले आहे. मशीद असेल तर तिची, नसेल तर गावच्या पिराची दिवाबत्ती करणे, पिराकडे लावून दिलेल्या इनाम जमिनीची वहिवाट पाहणे, मुसलमानांचे निकाह लावणे, ही त्याची धार्मिक कामे. परंतु त्याहून महत्त्वाचे असे की, ग्रामदैवतापुढे किंवा शेताच्या बांधावर कुणब्याने नवसाचा बकरा द्यायचा म्हटला म्हणजे तो कापण्याचा हक्कही मुलाण्याचाच असे. मराठ्यांच्या छावणीतील खाटीकसुद्धा मुलाणाच, आणि त्याने कलमा पढून न कापलेले मांस मराठे शिपाई खात नसत, असे डफ सांगतो. देव हिंदूचा, नवस हिंदूचा आणि हात मुसलमानाचा अशी ही व्यवस्था शतकानुशतके कोणासही विपरीत न वाटता चालली. या सेवेबद्दल मुलाण्यास सुगीत खळ्यावर धान्याचे बलुते आणि कापलेल्या जनावरातील ठरीव वाटा मिळे. एकेका गावात त्याची घरे वाढली की भावकीत पाळी पडे आणि एक शाखा शेजारच्या खोऱ्यात, जेथे मुलाण्याची जागा मोकळी असेल तेथे, जाऊन राही. मुलाणी, इनामदार, काझी, मुजावर ही आज आडनावे म्हणून उरलेली पदे या व्यवस्थेची साक्ष आहेत.

गोतसभेतही या समाजाला स्थान होते. वतनाचा तंटा मिटविण्यासाठी जो महजर होई, त्यात पाटील-कुळकर्ण्यांबरोबर बलुतेदारांच्या साक्षी पडत, आणि मुलाणा त्यांपैकी एक असे; निजामशाही आणि आदिलशाही अमलात अशा मजालसीत काझीचे नाव अग्रभागी येई. या कागदांवर काळ नोंदला जाई तो इसन्ने, सलास, अर्बा, खमस अशा अरबी संख्यांनी सांगितलेल्या शुहूर सनात, आणि मोडी लिहिणारा ब्राह्मण कारकून तो सन पेशवाई बुडेपर्यंत लिहीत राहिला.

शिवकाळात ही घडी मोडली नाही. सभासदाने आपल्या बखरीत शिवछत्रपतींच्या आरंभीच्या पायदळाचा सरनोबत म्हणून नूर बेग याचे नाव दिले आहे; आणि त्या काळचे पायदळ म्हणजे मुख्यतः मावळे, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या नोंदीचे मोल कळते. ज्या माणसांच्या पायाखालून लोहगड-विसापूरच्या वाटा रोज जात, त्यांचा पहिला सेनानी एक मुसलमान होता. पीर आणि मशिदी यांची दिवाबत्ती व नैवेद्य स्थान पाहून चालविण्यात आले, असेही सभासद नमूद करतो. पुरंदरच्या तहाने १६६५ मध्ये लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे मावळातील किल्ले मोगलांकडे गेले आणि १६७० च्या सुमारास ते परत आले. किल्ल्यांच्या या देवघेवीत खोऱ्यातील इनामे मात्र बहुधा ज्याची त्याच्याकडे राहिली, कारण नव्या धन्यासही गावची घडी बसलेलीच हवी असे.

मुलाण्याखेरीज जे मुसलमान मावळात वावरत, ते कसबी लोक होत. कापूस पिंजून गाद्या भरणारे पिंजारी, बांगड्या भरणारे मण्यार, हत्यारांना धार लावणारे शिकलगार, भांड्यांना कल्हई करणारे, जात्यांना टाकी लावणारे टकारी, पानांचा व्यापार करणारे तांबोळी आणि सुगंधी द्रव्ये विकणारे अत्तार यांची वर्णने १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटिअरात आली आहेत. यांपैकी पुष्कळांचा मुक्काम तळेगावसारख्या बाजाराच्या गावी असे आणि उघडीप झाली की ते पाठीवर गाठोडे टाकून खोऱ्याखोऱ्यांतून फिरत. मावळातील सुवासिनीचे कुंकू अत्ताराच्या पेटीतून आणि तिच्या हातातला चुडा मण्याराकडून येई, हे सांगितले म्हणजे या कसबी लोकांचे घराघरांशी असलेले नाते वेगळे वर्णन करावे लागत नाही. घरात दखनी आणि उंबरठ्याबाहेर मावळी मराठी अशी त्यांची भाषा होती. कित्येक घरांत तर दखनीही मागे पडली.

नवलाख उंबऱ्याच्या आग्नेयेस इंद्रायणीच्या परिसरात भंडारा डोंगर, सुदुंबरे आणि देहू ही वारकऱ्यांची पूज्य स्थाने आहेत, आणि या परंपरेतही मुसलमानाचा धागा गुंफलेला आहे. अनगडशहा फकीर हे तुकोबांचे समकालीन आणि स्नेही मानले जातात. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांच्या अंगाचा दाह त्यांच्या शापाने झाला आणि तुकोबांच्या अभंगाने शमला, ही संतचरित्रकार महीपतीने सांगितलेली कथा महाराष्ट्रास परिचित आहे. देहूहून ज्येष्ठ वद्यात निघणारी तुकोबांची पालखी गावाबाहेर पहिल्यांदा थांबते ती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी, आणि तेथे अभंग-आरती झाल्यावरच पंढरीची वाट धरते. हा परिपाठ आजही चालू आहे.

लोहगडावर महादरवाजातून आत गेल्यावर दर्ग्याची घुमटी लागते, आणि गडाच्या परिसरातील उमरशहा वली यांच्या दर्ग्यावर उरूस भरत आला आहे. संदल, गलेफ, मलिदा हे उपचार मुजावरांचे, आणि नवस बोलण्यास येणाऱ्यांत गडाच्या घेऱ्यातील हिंदू कुटुंबे, अशी या डोंगरी उरुसांची सर्वसाधारण रीत असे. जानेवारी २०२३ मध्ये या उरुसास हरकत घेण्यात आली आणि प्रशासनाने गडाच्या परिसरात जमावबंदीचा हुकूम काढला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांच्या ज्या बारा दुर्गांचा समावेश केला त्यांत लोहगड आहे. सातवाहनकालापासून निजामशाही, शिवशाही आणि पेशवाईपर्यंत अनेक राजवटींनी ज्या गडावर काही ना काही बांधले, त्याच्या वर्णनातून एका काळाचे नाव गाळले तर ते वर्णन अपुरे राहील; उरुसाचा वाद कायद्याने सुटावा, परंतु गडाचा इतिहास अखंडच सांगितला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मोहरमातील ताबूत हे गावकीचेच कार्य होते. १८९३ मध्ये मुंबईत दंगे झाल्यावर पुण्यात हिंदूंचा ताबुतांतील सहभाग ओसरला आणि सार्वजनिक गणेशोत्सवाने जोर धरला. खेड्यापाड्यांतून मात्र पंजे आणि डोल्यांपुढे नवस फेडण्याची चाल त्यानंतरही पुष्कळ वर्षे टिकली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मावळच्या पश्चिम टोकास एक निराळीच वस्ती आकारास आली. बोरघाटाची गाडीवाट १८३० मध्ये खुली झाली होतीच. १८५८ मध्ये खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत लोहमार्ग सुरू झाला आणि १८५६ मध्ये आरंभिलेले घाटाचे अतिकष्टाचे काम १८६३ च्या एप्रिलमध्ये पूर्ण झाले. पंचवीस बोगद्यांच्या या कामावर एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर होते आणि पटकीने त्यांतील असंख्य दगावले. रेल्वेचे कामगार, गवंडी, खाणावळवाले, बेकरीवाले, आणि त्यामागून हवापालटासाठी बंगले बांधणारे मुंबईचे बोहरा व खोजा व्यापारी यांनी लोणावळा-खंडाळ्याचा मुसलमान समाज घडविला. या मंडळींस बलुते ठाऊक नव्हते, वतन नव्हते. त्यांची मशीद वर्गणीची होती आणि त्यांचे नाते बाजाराशी व स्टेशनाशी होते. त्यामुळे एकाच तालुक्यात एकाच धर्माचे दोन समाज निर्माण झाले, आणि खोऱ्यातील मुलाण्याच्या मुलास लोणावळ्यात नोकरी लागल्यानंतरच त्यांची खरी ओळख होऊ लागली.

गावगाड्यातील स्थान संपुष्टात आले ते मात्र कायद्याने. १८५२ च्या इनाम कमिशनने सनदा तपासल्या, १८८० च्या काझी कायद्याने काझीच्या नेमणुकीस निराळे स्वरूप दिले, आणि स्वातंत्र्यानंतर १९५३ चा समाजोपयोगी सेवा-इनामे रद्द करणारा आणि १९५८ चा कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा असे मुंबई राज्याचे कायदे आले. वतनपद्धती जावी हे न्याय्यच होते, कारण जन्माने बांधलेली सेवा कोणत्याही समाजास भूषणावह नाही. परंतु महाराची, रामोश्याची किंवा मुलाण्याची, कोणाचीही सेवा गेल्यावर तिच्या जागी काय द्यावयाचे याचा पुरता विचार झाला नाही, आणि तीन-चार घरांच्या समाजास तर गावच्या राजकारणात आवाजही नव्हता. पिराकडील इनामे पुढे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था आणि वक्फ यांच्या कायद्याखाली आली. जमिनीस भाव चढू लागल्यावर कित्येक नोंदींचे तंटे उभे राहिले, ते याच काळातील अपुऱ्या कागदपत्रांमुळे.

नवलाख उंबऱ्यास तो भाव विसाव्या शतकाच्या अखेरीस चढू लागला. तळेगाव औद्योगिक क्षेत्राचा विस्तार आंबी, मंगरूळ व नवलाख उंबरे यांच्या शिवारांत झाला. २००८ मध्ये जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना येथे सुरू झाला, २०२० च्या अखेरीस त्याचे उत्पादन थांबले आणि २०२३ मध्ये ह्युंदाई कंपनीने तो घेण्याचा करार केला. कारखान्यांच्या मागे मराठवाडा, उत्तर प्रदेश आणि बिहार येथून जो श्रमिकवर्ग आला, त्यात मुसलमानही आहेत. मावळातील मुसलमान वस्तीचा हा तिसरा थर असून, खोलीभाड्याने राहणाऱ्या या कामगारास शेजारच्या गावातील मुलाण्याच्या घराचा तीनशे-चारशे वर्षांचा इतिहास ठाऊक असण्याचे कारण नाही.

तो इतिहास मुख्यत्वे कागदांत आहे. पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दफ्तर आणि १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे संग्रह यांतून त्याचा काही भाग सुरक्षित आहे. उरलेला भाग मुलाणी, इनामदार आणि मुजावर घराण्यांच्या पेट्यांत, मोडी आणि फार्सी सनदांच्या रूपाने, मावळी पावसाच्या ओलीत पडून असतो. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी मूळ आपल्याजवळच ठेवून त्यांच्या प्रती या संस्थांस करून द्याव्यात, आणि मोडी वाचणाऱ्या तरुण अभ्यासकांनी राजधान्यांच्या आधी या खोऱ्यांकडे यावे.