आमोसची साक्ष

इसवी सनपूर्व आठव्या शतकाच्या मध्यास, इस्राएलवर दुसऱ्या यराबामचे राज्य असताना, यहूदातील तकोवा गावचा आमोस बेथेलच्या राजमंदिरात येऊन उभा राहिला. तो मेंढपाळ होता. उंबराच्या झाडांची निगा राखीत असे. देशात सुबत्ता होती. राजधानी शोमरोनच्या उत्खननात सापडलेले हस्तिदंती नक्षीकाम त्या वैभवाची साक्ष देते. मात्र त्याच काळी पायतणाच्या किमतीसाठी गरीब विकला जात होता.

आपला देव समर्थ, म्हणून आपण सुरक्षित, अशी लोकांची समजूत होती. आमोसने आधी दिमिष्क, गाझा, सोर यांच्या क्रौर्याचा निवाडा सांगितला. श्रोते सुखावले असतील. मग तोच न्याय त्याने इस्राएललाही लावला. देवाने निवडलेल्या प्रजेकडून देव अधिक जाब घेतो आणि न्यायावाचून केलेले सण, अर्पणे व गायन त्याला नकोसे होतात, असे त्याने बजावले. याजक अमस्याने त्याला हुसकावून लावण्याचा प्रयत्न केला. इ.स.पूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरी सैन्यापुढे शोमरोन पडले.

सणाचा मिस्सा ऐकून घरी परतताना कुणाची मजुरी आपल्याकडे थकली नाही ना, एवढे जरी आपण आठवले, तरी आमोसचे शब्द वाया गेले नाहीत असे म्हणता येईल.