रायझोबियम खताची तपासणी

रायझोबियम हे द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी करून हवेतील नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू होत. सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या बियाण्याला पेरणीपूर्वी त्यांचे खत चोळतात. पाकीट उन्हात राहिले तर जिवाणू मरतात, भुकटी मात्र तशीच काळी दिसते. शेतकऱ्याला ते कळते मुळांवर गाठी न दिसल्यावर, आणि तोवर पेरणीची वेळ गेलेली असते.

म्हणून आधी जिवंत जिवाणू मोजतात. 1 ग्रॅम खत निर्जंतुक पाण्यात कालवून ते दर वेळी दहापट असे अनेकदा पातळ करतात. त्याचे थेंब यीस्ट अर्क, मॅनिटॉल आणि आगर यांच्या थरावर पसरून बशी 28 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. काही दिवसांत वसाहती दिसतात. सोयाबीनच्या जिवाणूंना आठवडाही लागतो. थरात काँगो रेड हा रंग घातलेला असतो. रायझोबियम तो फारसा शोषत नाही, त्यामुळे गडद लाल वसाहती दिसल्या की भेसळीचा संशय येतो. भारताच्या खत नियंत्रण आदेशानुसार भुकटी खताच्या एका ग्रॅममध्ये किमान 5 कोटी जिवंत जिवाणू हवेत.

पण नुसत्या संख्येवर विसंबता येत नाही. खरी परीक्षा रोपावर होते. निर्जंतुक वाळूत, नत्र सोडून बाकी पोषण देऊन रोपे वाढवतात. शेजारी जिवाणू न दिलेली रोपेही ठेवतात. काही आठवड्यांनी गाठी कापून पाहतात. आतून गुलाबी गाठ कामाची; हा रंग लेगहिमोग्लोबिनचा. पांढरट गाठ सहसा निरुपयोगी. जिवाणू न दिलेल्या रोपांवरही गाठी आल्या, तर सगळी चाचणी बाद करून नव्याने लावावी लागते.