तारुण्यपीटिका व प्रतिजैव औषधे : रायगड किनारा

चेहरा, मान, खांदे, छाती व पाठ या भागांतील केशपुटक आणि त्यांना जोडलेल्या त्वक्‌स्नेह ग्रंथी यांच्या चिरकारी (दीर्घकालीन) दाहयुक्त विकाराला तारुण्यपीटिका म्हणतात. व्यवहारात हा विकार मुरूम या नावाने ओळखला जातो. त्यावर तोंडाने प्रतिजैव औषधे देण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. या पद्धतीचा उगम, प्रसार, ती अनुसरणाऱ्यांना येणारे अनुभव आणि तिच्या मर्यादा यांचा आढावा प्रस्तुत नोंदीत रायगड जिल्ह्याच्या (१९८० अखेरपर्यंत कुलाबा जिल्हा) किनारपट्टीच्या संदर्भात घेतला आहे.

कारणे व स्वरूप : पौगंडावस्थेत पौरुषजनक हॉर्मोनांच्या प्रभावाने त्वक्‌स्नेह ग्रंथी मोठ्या होतात व तेलकट स्राव वाढतो. केशपुटकाचे तोंड मृत कोशिकांनी बंद झाले की, स्राव आत साचतो व तेथे क्युटिबॅक्टिरियम ॲक्नेस या सूक्ष्मजंतूची वाढ होते. हा जंतू निरोगी त्वचेवरही असतो. जर्मन त्वचारोगतज्ञ पाउल उना यांनी १८९६ मध्ये त्याची नोंद केली. पूर्वी प्रोपिऑनिबॅक्टिरियम या प्रजातीत गणल्या जाणाऱ्या या जंतूला २०१६ मध्ये सध्याचे नाव मिळाले. मुरूम हा संसर्गजन्य रोग नव्हे. स्राव, अडथळा, जंतू व दाह या चार घटकांच्या परस्परक्रियेतून तो उद्‌भवतो. प्रतिजैव औषधांनी यांपैकी शेवटच्या दोनच घटकांवर परिणाम होतो, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

उरण, अलिबाग, रेवदंडा, मुरूड व श्रीवर्धन या किनारी भागांत हवा वर्षाचा बहुतेक काळ दमट असते. उष्ण व दमट हवेत घाम व घर्षण यांमुळे पाठीवर आणि मानेवर मुरमांचा तीव्र प्रकार उद्‌भवू शकतो. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातील बेटांवर व आग्नेय आशियात लढणाऱ्या सैनिकांत तो मोठ्या प्रमाणावर आढळल्याने त्याला ‘उष्णकटिबंधीय तारुण्यपीटिका’ असे नाव मिळाले. किनाऱ्यावर खोबरेल तेल केसांना भरपूर लावण्याची चाल आहे. ते कपाळावर ओघळल्यास केशपुटकांची तोंडे बंद होऊन केसांच्या कडेने बारीक पुटकुळ्या येतात. यंत्रांच्या तेलाशी सतत संबंध येणाऱ्या कामगारांत मांड्या व हात यांवर उठणारे फोड मुरमांसारखे दिसले, तरी त्यांचे कारण व्यावसायिक असते.

पूर्वीचे उपचार : सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये या विकाराचे वर्णन असून तरुणांच्या मुखावरील या पीटिकांना शाल्मली वृक्षाच्या काट्यांची उपमा दिली आहे. कफ, वात व रक्त यांचा दोष हे कारण आणि वमन व लेप हे उपचार सांगितले आहेत. मुखदूषिका हे त्याचे दुसरे नाव. चौल, रेवदंडा, मुरूड व श्रीवर्धन येथील नारळ-सुपारीच्या वाड्यांत जायफळाचीही झाडे आढळतात. सहाणेवर उगाळलेले जायफळ, हळद, रक्तचंदन किंवा मुलतानी माती यांचे लेप घरोघरी लावले जात. या लेपांनी काही काळ फोड सुकल्यासारखे वाटले, तरी खोलवरच्या गाठी व पुटी त्यांनी बऱ्या होत नसत. त्यांचे वण आयुष्यभर राहत.

पाश्चात्त्य वैद्यकात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गंधकाचे मलम, जंतूंपासून तयार केलेल्या लशी व क्ष-किरण यांचा उपयोग केला जाई. क्ष-किरणांनी ग्रंथी आक्रसून मुरूम कमी होत. परंतु अशा रुग्णांत पुढे अवटू ग्रंथीच्या कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे दिसून आल्यावर ही पद्धत सोडून देण्यात आली. सौम्य विकारावरील उपचाराची किंमत अनेक वर्षांनी मोजावी लागते, याचे हे एक मोठे उदाहरण होय.

टेट्रासायक्लिनांचा उदय : अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत बेंजामिन डुगर यांनी स्ट्रेप्टोमायसीज ऑरिओफेसिएन्स या मृदेतील सूक्ष्मजीवापासून क्लोरटेट्रासायक्लीन (ऑरिओमायसीन) हे पिवळे औषध मिळविले व १९४८ मध्ये ते प्रसिद्ध केले. या प्रयोगशाळेच्या संशोधनाचे संचालक आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव हे होते. १९५० मध्ये ऑक्सिटेट्रासायक्लीन उपलब्ध झाले. लॉइड कॉनोव्हर यांनी क्लोरटेट्रासायक्लिनातील क्लोरीन काढून टेट्रासायक्लीन बनविले (१९५३). डॉक्सिसायक्लीन १९६७ पासून व मिनोसायक्लीन १९७०च्या दशकाच्या प्रारंभापासून वापरात आले.

इतर रोगांसाठी ही औषधे घेणाऱ्या तरुणांचे मुरूमही कमी होतात, हे लवकरच लक्षात आले आणि १९५०च्या दशकात त्वचारोगतज्ञ ती या विकारावर देऊ लागले. ती कशी परिणाम करतात याचा उलगडा पुढे झाला. टेट्रासायक्लीन घेणाऱ्यांच्या त्वचेवरील तेलातील मुक्त वसाम्लांचे प्रमाण घटते, असे अमेरिकेत १९६५ मध्ये दाखविण्यात आले. जंतूंची वाढ रोखण्याबरोबरच ही औषधे दाहही शमवितात, असे नंतर सिद्ध झाले. १९७५ मध्ये अमेरिकेतील त्वचारोगतज्ञांच्या एका समितीने मुरमांवर ही औषधे तोंडाने देणे परिणामकारक व बव्हंशी सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे, ती देण्याची प्रथा जगभर पडली.

भारतातील उत्पादन : जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला व १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. पुढे तेथे स्ट्रेप्टोमायसीन व टेट्रासायक्लीनही तयार होऊ लागले. सोव्हिएट साहाय्याने हृषीकेश येथे उभारलेल्या कारखान्यातूनही टेट्रासायक्लीन मिळू लागले. औषधाच्या अंतिम पदार्थाऐवजी केवळ त्याच्या निर्मितिप्रक्रियेला एकस्व देणारा १९७० चा कायदा १९७२ मध्ये अंमलात आल्यावर औषधांच्या किंमती उतरल्या. त्यामुळे बोरघाटाच्या वर तयार होणारे किंवा मुंबईतून येणारे हे औषध कोकणातील लहान बाजारपेठेतील दुकानातही सहज परवडण्याजोग्या किंमतीला मिळू लागले.

रुग्णांचे अनुभव : प्रतिजैव औषध म्हणजे दोनतीन दिवसांत ताप उतरविणारे औषध, अशी सर्वसाधारण समजूत असते. मुरमांच्या बाबतीत ती फोल ठरते. पहिले तीनचार आठवडे फारसा फरक दिसत नाही. सहा ते आठ आठवड्यांनंतर नवे फोड कमी होतात. या प्रारंभीच्या काळातच अनेक रुग्ण निराश होऊन औषध सोडतात. पूर्वी किनाऱ्यावरील गावांतून त्वचारोगतज्ञाकडे जाणे म्हणजे बहुधा रेवसहून लाँचने मुंबईचा भाऊचा धक्का गाठणे असे. पहिल्या भेटीनंतर पुन्हा दाखविण्यास जाणे खर्च व वेळ यांमुळे लांबणीवर पडे आणि जुन्याच चिठ्ठीवर औषध घेणे चालू राही किंवा ते मध्येच सुटे.

औषध घेण्याच्या रीतीतूनही अडचणी उद्‌भवतात. टेट्रासायक्लीन उपाशीपोटी घ्यावे लागते, कारण दुधातील कॅल्शियमाशी किंवा लोहाच्या गोळ्यांतील लोहाशी त्याचा संयोग होऊन ते शोषले जात नाही. ‘औषध उष्ण पडते’ या समजुतीने दुधाबरोबर ते घेणाऱ्याला म्हणूनच गुण येत नाही. डॉक्सिसायक्लिनाची कुपी (कॅप्सूल) घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच आडवे झाल्यास ती ग्रसिकेत अडकून तेथे व्रण होतो व छातीत तीव्र वेदना होतात. मळमळ, जुलाब व स्त्रियांमध्ये योनिमार्गाचा बुरशीजन्य दाह हेही त्रास आढळतात. मिनोसायक्लिनाने चक्कर येते व दीर्घकाळ घेतल्यास त्वचेवर निळसर-करडे डाग पडू शकतात. आठ वर्षांखालील मुलांच्या व गर्भाच्या दातांवर टेट्रासायक्लिनाने कायमचे पिवळे डाग पडत असल्याने ते लहान मुलांना व गर्भवतींना देत नाहीत.

किनाऱ्याच्या दृष्टीने आणखी दोन गोष्टींचा विशेष विचार करावा लागतो. पहिली, डॉक्सिसायक्लिनामुळे त्वचा सूर्यप्रकाशास अतिसंवेदनशील बनते. होडीवर, मासळी सुकविण्याच्या ओट्यांवर किंवा मिठागरांत दिवसभर उन्हात काम करणाऱ्याची त्वचा अल्पावधीत भाजते व काळवंडते. मुरूम गेले पण चेहरा काळा पडला, ही तक्रार औषधाच्या दोषापेक्षा ते देताना व्यवसायाची विचारपूस न केल्याची निदर्शक असते. दुसरी, उष्ण व दमट हवेत टेट्रासायक्लिनाचे विघटन होते. असे जुने, विघटित औषध घेतल्याने मूत्रपिंडाच्या सूक्ष्मनलिकांना इजा झाल्याची उदाहरणे १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. पावसाळ्यात दमट घरांत फळीवर ठेवून दिलेल्या कुप्या पुढच्या वर्षी भावंडाला देणे म्हणूनच धोक्याचे आहे.

प्रतिरोध व दुरुपयोग : मुरमांचे जंतू औषधांना दाद देईनासे झाल्याचे प्रथम १९७९ मध्ये अमेरिकेत, त्वचेवर लावावयाच्या एरिथ्रोमायसीन व क्लिंडामायसीन यांच्या बाबतीत दिसून आले. इंग्लंडमधील लीड्स येथील पाहणीत प्रतिरोधी जंतू असलेल्या रुग्णांचे प्रमाण १९९१ मध्ये ३४·५% होते. ते १९९७ मध्ये ६४% झाले. तोंडाने घेतलेले औषध केवळ चेहऱ्यापुरते राहत नाही. घसा व आतडी यांतील सूक्ष्मजंतूंवरही त्याचा परिणाम होतो व प्रतिरोधी जंतू कुटुंबातील इतरांकडे पसरू शकतात.

भारतात औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या ‘एच’ अनुसूचीनुसार ही औषधे वैद्याच्या चिठ्ठीवरच विकावयाची असतात. प्रत्यक्षात ती चिठ्ठीविना मिळत आली आहेत. याहून घातक प्रकार म्हणजे स्टेरॉइड, प्रतिजैव व बुरशीनाशक द्रव्ये एकत्र असलेली मलमे गोरेपणासाठी वा मुरमांसाठी चेहऱ्याला लावणे हा होय. त्यांनी आरंभी चेहरा उजळ दिसतो, पण नंतर त्वचा पातळ व लाल होते आणि मुरमांसारखेच फोड मोठ्या संख्येने उठतात. भारतीय त्वचारोगतज्ञांच्या पाठपुराव्यानंतर २०१८ मध्ये त्वचेवर लावावयाची अनेक स्टेरॉइडे ‘एच’ अनुसूचीच्या कक्षेत आणण्यात आली.

सार्वजनिक आरोग्याशी संबंध : मुरमांवर सर्वाधिक वापरले जाणारे डॉक्सिसायक्लीन कोकणात अन्य कारणांसाठी मोलाचे आहे. पुराच्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या रोगाच्या उपचारात ते दिले जाते. पनामा येथे प्रशिक्षण घेणाऱ्या अमेरिकी सैनिकांना आठवड्यातून एकदा २०० मिग्रॅ. डॉक्सिसायक्लीन दिल्यास या रोगाचा प्रतिबंध होतो, असे १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. जुलै २००५ मधील अतिवृष्टीत महाड तालुक्यात दरडी कोसळून मोठी प्राणहानी झाली. जुलै २०२१ मध्ये सावित्री नदीच्या पुराने महाड शहर पाण्याखाली गेले. अशा प्रसंगी स्वस्त, तोंडाने घेता येणारे व साठवून ठेवता येणारे हे औषध आरोग्ययंत्रणेचा मोठा आधार असते. माइटच्या दंशाने होणाऱ्या स्क्रब टायफस या ज्वरातही ते प्रमुख औषध आहे. मिनोसायक्लिनाचा उपयोग कुष्ठरोगावरील पर्यायी उपचारांत होतो. लेप्टोस्पायरांत डॉक्सिसायक्लिनाचा प्रतिरोध ही आजमितीस मोठी समस्या नाही. तथापि फुप्फुस, मूत्रमार्ग व जखमा यांच्या संसर्गास कारणीभूत असलेल्या अन्य जंतूंच्या बाबतीत असे म्हणता येत नाही. पुरानंतर नेमके हेच संसर्ग वाढतात.

सध्याची चिकित्सा : सौम्य विकारात बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा रेटिनॉइड द्रव्ये त्वचेवर लावणे पुरेसे असते. दाह मध्यम वा तीव्र असल्यासच तोंडाने प्रतिजैव औषध देतात आणि त्याच्या जोडीला वरील द्रव्ये लावण्यास सांगतात. बेंझॉइल पेरॉक्साइडाला जंतूंचा प्रतिरोध निर्माण होत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. एकच प्रतिजैव औषध एकट्याने वापरणे तज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २००३ मध्येच अयोग्य ठरविले. तीनचार महिन्यांनंतर औषध थांबवून केवळ त्वचेवर लावावयाची द्रव्ये चालू ठेवतात. गाठी, पुटी व वण असलेल्या तीव्र विकारात आयसोट्रेटिनॉइन देतात. अमेरिकेत त्यास १९८२ मध्ये मान्यता मिळाली. ते गर्भाला अत्यंत घातक असल्याने गर्भवतीस देत नाहीत व गर्भसंभव असलेल्या स्त्रीस देताना कडक दक्षता घ्यावी लागते. काही स्त्रियांत हॉर्मोन-उपचार उपयुक्त ठरतात.

अलिबाग येथे २०२१-२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने तज्ञ सल्ल्यासाठी खाडी ओलांडून जाण्याची गरज कमी होऊ लागली आहे. मुरूम प्राणघातक नाहीत म्हणून त्यांची उपेक्षा करणे योग्य नव्हे. वणांमुळे येणारा संकोच व खिन्नता शिक्षण, नोकरी व विवाह यांच्या ऐन वयात तरुणांना ग्रासतात. त्यांना परिणामकारक उपचार मिळाले पाहिजेत. मात्र जे औषध पुराच्या काळात अनेकांना उपयोगी पडावयाचे आहे, ते आवश्यक तेवढाच काळ व योग्य जोड-उपचारांसह वापरणे, हाच या पाऊणशे वर्षांच्या अनुभवाचा निष्कर्ष होय.